चाक कुठे पडणार ते आधी पायाने बघा
(आमच्याकडून फोर-बाय-फोर गाडी भाड्याने नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना गाडी उत्तम चालवता येते. कोणी रोज एक्स्प्रेसवेने मुंबई गाठतं, कोणी लडाखला जाऊन आलेलं असतं. तरीही गेल्या पावसाळ्यातली दुरुस्तीची बिलं टेबलावर मांडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की एकही बिल वेगामुळे झालेलं नव्हतं. पुढे काय आहे ते बघायला खाली न उतरल्यामुळे सगळी झालेली. म्हणून हा कागद. पौडला चहा होईपर्यंत वाचून होतो.

काठी

मागच्या सीटमागे पाच फुटी बांबू आहे. त्यावर गुडघ्याच्या उंचीला लाल पट्टी आणि पोटरीच्या उंचीला पांढरी पट्टी मारलेली आहे. ओढा, चिखलाची डबकी, गवतात बुडालेली गाडीवाट, यातलं काहीही समोर आलं की गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा आणि बांबू घेऊन चालत पलीकडे जा. तळाला काय लागतंय ते ठोकून बघा. मुरूम किंवा खडक असेल तर काठी ठक्क वाजते. गाळात ती मुकाट रुतते, आणि जिथे काठी रुतते तिथे पावणेदोन टनांची गाडीही रुतणार. बूट भिजतील, ते वाळतात.

पाणी वाहतं असेल तर पांढऱ्या पट्टीच्या वर जायचं नाही. हा आमचा नियम आहे, त्यात चर्चा नाही. कागदावर थारची क्षमता 650 मिलिमीटर आणि गुरखाची 700 मिलिमीटर पाण्याची आहे, पण ते आकडे संथ पाण्याचे. वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं, आणि पाणी गाडीच्या तळाला टेकलं की गाडी हलकी होऊन टायरची पकड सुटते. तुम्हाला त्या पाण्यात नीट उभं राहता येत नसेल, तर गाडीलाही येणार नाही. पाणी गढूळ होऊ लागलं, त्यात पालापाचोळा यायला लागला, की वर डोंगरात पाऊस झालाय असं समजा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ताम्हिणीच्या बाजूला हे नेहमीचंच.

फरशी पुलावरून पाणी जात असेल तर मुळीच जाऊ नका. वरून पूल दिसतो, पण कडेची फरशी वाहून गेली आहे की नाही ते दिसत नाही.

पाण्यात उतरायचं ठरलंच, तर फोर-एल (चारही चाकांना जोर, वेग कमी), पहिला किंवा दुसरा गिअर, आणि चालत्या माणसाच्या वेगाने सरळ पलीकडे. मध्येच क्लच दाबू नका, गिअर बदलू नका. बाहेर पडल्यावर हळू जात ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, ओले ब्रेक पटकन धरत नाहीत.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये घोटभर पाणी गेलं तरी कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी तीनदा स्टार्टर मारला. पहिल्या वेळी थांबले असते तर फिल्टर आणि ऑइल बदलून भागलं असतं, तिसऱ्याला इंजिन उघडावं लागलं. विम्याच्या साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. अनामत रक्कम कशासाठी घेता, या प्रश्नाचं उत्तर हेच.

छोटा लिव्हर

जोर किती चाकांना द्यायचा ते हा लिव्हर ठरवतो. डांबरावर टू-एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून वळणं घेतली तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, स्टिअरिंग जड होतं आणि ताण गिअरवर येतो. कच्चा रस्ता लागला की फोर-एच. तीव्र चढ, उतार, मोठे दगड दिसले की थांबून, क्लच दाबून फोर-एल. अडकल्यावर नव्हे, आधीच. गुरखाला पुढे-मागे डिफरन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरवणारा) आहे, तो गरज संपली की लगेच काढा. लॉक लावून गाडी नीट वळत नाही.

उतारावर पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय बाजूला घ्या. इंजिनच गाडी धरून ठेवतं. घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते. चढ अर्ध्यावर सुटला, तर वळवायला जाऊ नका. आडवी झालेली गाडी कलंडते. रिव्हर्स टाकून आलात त्याच रेषेत सरळ मागे या. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, दगडावरून चाक उसळलं की स्टिअरिंग जोरात फिरतं.

टायर, चिखल आणि दोर

दगडधोंड्यांत हवा थोडी कमी केलेली चांगली, पण 22 पीएसआयच्या खाली नको. जांभ्याची धारदार कड टायरची बाजू चिरते. डांबराला लागण्याआधी डिकीतला पंप लावून हवा भरून घ्या.

रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबत राहिलात तर चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. काळ्या मातीत तर ती माती टायरच्या खाचांत बसते आणि टायर गुळगुळीत होतो. आमच्यातलाच एक जण बार्शीकडे असा दोन तास अडकला होता. शेवटी ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाला हसत होता ते वेगळं. चाकापुढची माती खोऱ्याने काढा, गोणपाट घाला, सावकाश निघा. जॅक लावायचा तर खाली लाकडी फळी हवीच.

ओढायचा दोर फक्त लाल रंगवलेल्या हुकांना. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच नाही. दोरावर जाड घोंगडी टाका, आणि ओढताना बाकीच्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. तुटलेला दोर किंवा उडालेला हुक माणूस बघत नाही.

बाकी थोडक्यात: पट्टे सगळ्यांनी लावायचे, टपावर जड सामान नाही, एकट्या गाडीने आडवाटेला नाही. भाताच्या खाचरांतून, सड्यावरच्या गवतातून आणि अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालायची नाही. वाट विचारायची तर गावातल्या दूधवाल्याला विचारा, काल कुठपर्यंत पाणी होतं ते त्याला माहीत असतं.

गाडी परत आणताना धुऊन आणू नका. कुठून गेली होती ते आम्ही खालच्या चिखलावरून बघतो.