रंग छापलेला की रंग भरलेला?

इंग्लंडचा राजा एडवर्डच्या जखमेतलं विष राणी एलिनॉर तोंडाने शोषून घेते आहे. चित्रकार अँजेलिका कॉफमनच्या या चित्रावरून विल्यम राइलँडने तांब्याच्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी काम करून मुद्राचित्र, म्हणजे पत्र्याला शाई लावून कागदावर छापलेलं चित्र, तयार केलं. इतिहासातले प्रसंग, ग्रीक-रोमन धाटणीचे झगे, शांत चेहरे: 1770-80च्या दशकांत लंडनला अशा चित्रांचं वेड होतं. 1764मध्ये इटलीहून आलेला बार्तोलोझ्झी या ठिपक्यांच्या कामातला सर्वांत नावाजलेला कारागीर.

अशा चित्रांच्या रंगीत प्रती दिसल्या की सगळे सरसकट 'हाताने रंगवलेलं' म्हणतात. तिथेच गफलत होते.

रंग छापायचा तर कारागीर कापडाच्या छोट्या बोळ्यांनी त्या एकाच पत्र्यावर झग्याला निळी, गालाला गुलाबी, झाडाला हिरवी शाई लावत असे. बोळा बाहुलीसारखा दिसतो, म्हणून फ्रेंचांनी या पद्धतीला 'आ ला पूपे' म्हटलं. पत्रा एकदा दाबाखालून गेला की पुढच्या प्रतीसाठी सगळी शाई पुन्हा लावायची. त्यामुळे दोन प्रती हुबेहूब सारख्या निघतच नाहीत. हाताने रंगवताना मात्र चित्र आधी काळ्या किंवा तपकिरी शाईत छापून घेत आणि वरून कुंचल्याने जलरंग देत.

ओळखायला भिंग हवं. गालावर धरा. ठिपके स्वतःच गुलाबी असतील आणि मधला कागद कोरा असेल, तर रंग छापलेला. ठिपके काळे-तपकिरी आणि त्यांच्यावरून, मधल्या कागदावरूनही रंगाचा पातळ थर पसरलेला असेल, तर तो कुंचल्याचा. पण एकच जागा पाहून निकाल देऊ नका, कारण छापील रंगाच्या प्रतींवरही ओठ आणि डोळे बऱ्याचदा हाताने उजळलेले असतात.

मला छापील रंगाची प्रत अधिक मोलाची वाटते. तो रंग चित्राबरोबरच जन्मतो. कुंचल्याचा रंग शंभर वर्षांनी एखाद्या विक्रेत्यानेही चढवलेला असू शकतो.

अर्थात हाताचा रंग म्हणजे कमअस्सल असं मुळीच नाही. चित्रकार जेम्स वेल्सने वेरूळला केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 1803मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेली लेण्यांची चित्रं ॲक्वाटिंटची, म्हणजे राळेच्या भुकटीच्या साहाय्याने पत्र्यावर छटा उठवलेली. त्यांच्या रंगीत प्रतींवर भिंग धरलं तर ठिपक्यांऐवजी बारीक रवाळ जाळी दिसते आणि तिच्यावर दगडाचा पिवळट-तपकिरी रंग कुंचल्याने दिलेला असतो.