गॅलेक्सीची तबकडी मॉडेलमध्ये टिकवणं इतकं अवघड का गेलं

गॅलेक्सीचं सिम्युलेशन म्हटलं की आज सुपरकॉम्प्युटर आठवतो, पण 1941 साली स्वीडनच्या खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्गने हे काम चक्क बल्ब लावून केलं. दोन गॅलेक्सी, प्रत्येकीत ताऱ्यांच्या जागी 37 बल्ब, आणि बल्बच्या जागी फोटोसेल (उजेड मोजणारं उपकरण) ठेवून कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचं, कारण उजेडही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, मग त्या आकड्यावरून बल्ब थोडा सरकवायचा आणि पुन्हा मोजायला बसायचं. केवढी चिकाटी!

खरं कोडं होतं सर्पिल भुजांचं, म्हणजे गॅलेक्सीत दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वळलेल्या पट्ट्यांचं. गॅलेक्सीची तबकडी, म्हणजे ताऱ्यांचा चपटा फिरणारा थर, एकसंध फिरत नाही, आतले तारे फेरी लवकर पूर्ण करतात, बाहेरचे मागे पडतात, हे लिंडब्लाड आणि ऊर्ट या खगोलशास्त्रज्ञांमुळे 1920 च्या दशकातच कळलं होतं. मग भुजा केव्हाच गुंडाळून जायला हव्या होत्या, त्या अजून दिसतात कशा? 1964 मध्ये लिन आणि शू म्हणाले की भुजा ही घनतेची लाट आहे, तारे तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात. आयडिया सुंदरच, पण 1969 मध्ये टूमरेने दाखवलं की अशी लाट थोड्याच फेऱ्यांत विरते, तिला कुठून तरी नवा जोर मिळायला हवा.

त्यात कॉम्प्युटरने वेगळीच अडचण दाखवली. 1971 मध्ये होलने ताऱ्यांच्या जागी 1 लाख कण घेऊन कॉम्प्युटरवर तबकडी फिरवून बघितली, तबकडी कधी स्थिर राहते हे सांगणाऱ्या टूमरेच्या निकषाप्रमाणे ती टिकायला हवी होती, पण दोनेक फेऱ्यांत तारे सैरावैरा झाले आणि मधे लांबट पट्टा तयार झाला. 1973 मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी अवघे 150 ते 500 कण घेऊन सांगितलं की आपल्या आकाशगंगेसारखी तबकडी टिकायची तर तिच्याभोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचा मोठा गोल हवा. डार्क मॅटरची, म्हणजे या न दिसणाऱ्या वस्तुमानाची गोष्ट निघाली की सगळे खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनने गॅलेक्सींच्या फिरण्याच्या वेगाच्या केलेल्या मोजमापांबद्दल बोलतात, ते योग्यच आहे, पण हा पेपरही तितकाच मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे 2002 मध्ये सेलवुड आणि बिनी यांनी दाखवलं की भुजांमुळे तारे आपली कक्षाच बदलतात, म्हणजे सूर्य आज आहे तिथेच जन्मला असेल असं धरून चालता येत नाही. आणि 2018 मध्ये गाया (Gaia) या ताऱ्यांची मोजमापं घेणाऱ्या युरोपियन अंतराळ दुर्बिणीच्या डेटात सूर्याजवळच्या ताऱ्यांची तबकडीच्या मध्य-पातळीपासूनची उंची आणि त्यांचा वर-खाली जाण्याचा वेग यांचा आलेख काढला तर गोगलगाईसारखं वेटोळं निघालं, म्हणजे तबकडीला कशाचा तरी धक्का बसलाय आणि ती अजून सावरलेली नाही, त्यामुळे समतोल गृहीत धरणारी मॉडेल्स पुन्हा तपासावी लागतायत.