मोलकरीण, उमराव आणि चर्चची वही

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या उमराव घरांवरच्या मालिकेचा शेवटचा भाग बघून झाल्यावर बहुतेकांनी एकच शंका काढली: उमरावाच्या घरातला मुलगा आणि घरकामाची पोरगी, असं लग्न त्या काळच्या इंग्लंडमध्ये झालं तरी असतं का? झालं असतं, आणि झालीही आहेत. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती. जर्मन संस्थानांमध्ये राजघराण्यातल्या पुरुषाने खालच्या घरातली बायको केली, तर तिला आणि तिच्या मुलांना त्याचा किताब मिळू नये अशी खास सोय होती. इंग्लंडमध्ये तशी सोय नव्हती. बायको थेट नवऱ्याच्या पायरीवर जाऊन बसायची. कालपर्यंत शेगड्या घासणारी मुलगी आज ड्यूकशी लग्न लावून चर्चबाहेर पडली, तर ती डचेस होऊनच बाहेर पडायची.

समाज नाकं मुरडायचा, आमंत्रणं बंद व्हायची, हे मालिकेने भरपूर दाखवलं आहे. पण कुजबुज विरते. खरी कोंडी पुढच्या पिढीची होती आणि ती लग्नाच्या तारखेवर अवलंबून होती. नायक आधी नायिकेला नुसतंच ‘माझ्याजवळ राहा’ म्हणतो आणि ती नकार देते, तो प्रसंग अनेकांना निव्वळ स्वाभिमानाचा वाटला. त्यात रोकडा हिशेबही होता.

या हिशेबाचं मूळ फार जुनं आहे. आईबापांनी नंतर लग्न केलं तर आधी झालेली मुलं औरस धरावीत, असा चर्चचा नियम होता. तोच देशाच्या कायद्यात आणा, अशी मागणी बिशपांनी १२३६ मध्ये मर्टनच्या सभेत केली. उमरावांनी ती साफ धुडकावली. तेव्हापासून इंग्लंडमध्ये लग्नाआधी जन्मलेलं मूल कायमचं अनौरस राहिलं. बापाने मृत्युपत्रात पैसा ठेवला तर मिळे, पण किताब आणि त्याला बांधलेली जमीन कधीच नाही.

मधली पाचशे वर्षं सोडून द्यायला हरकत नाही, कारण तोवर लग्न झालं की नाही हेच सिद्ध करणं अवघड असायचं. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास चार पैसे घेऊन कुणाचंही लग्न लावून देणारे पाद्री बसलेले असत. १७५३ च्या विवाह कायद्याने हा बाजार उठवला. तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा जाहीर पुकारा किंवा परवाना, परवान्यावर लग्न करायचं तर एकविशीच्या आतल्यांना पालकांची संमती, दोन साक्षीदार आणि वहीत सह्या. पानांना क्रमांक, ओळी आखलेल्या, म्हणजे मागाहून काही घुसडता येऊ नये. वहीत खोटी नोंद केली तर फाशी. मालिकांमधली घोडागाडी स्कॉटलंडकडे उधळते ती याच कायद्यामुळे. तो सीमेपलीकडे लागू नव्हता.

विधेयकावर संसदेत रण माजलं. श्रीमंत वारसदारणी आपापसातच वाटून घेण्याचा हा उमरावांचा डाव आहे, असा विरोधकांचा आरोप होता, आणि तो अगदीच खोटा म्हणता येत नाही. सर्वांत कडवा विरोध करणारा मंत्री स्वतः १७४४ मध्ये एका ड्यूकच्या मुलीला पळवून नेऊन लग्न केलेला. पुढे त्याच्या मुलाने १७८१ मध्ये हा कायदा मोडीत काढायला विधेयक आणलं; खालच्या सभागृहात संमत झालं, उमरावांच्या वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, पाडलं. याच मुलाने १७९५ मध्ये आपल्यासोबत अनेक वर्षं राहणाऱ्या एका गणिकेशी गुपचूप लग्न केलं आणि ते १८०२ पर्यंत कुणाला कळू दिलं नाही. बापाने वरच्या घरातली बायको चोरून केली, मुलाने खालच्या. पटकथाकारांनी अजून या घराला हात कसा घातला नाही, कोण जाणे.

आता मुख्य प्रकरण. मालिकेचा काळ १८११ नंतरचा, म्हणजे राजा आजारी आणि युवराज कारभारी झाला तेव्हापासूनचा. नेमक्या त्याच वर्षी लॉर्ड्स सभेत बर्कले घराण्याचा निकाल लागला. उच्चभ्रू घरातल्या प्रत्येक आईच्या कानावर तो गेलेला असणार, त्यामुळे मालिकेत त्याचा साधा उल्लेखही नसावा याचं नवल वाटतं.

ग्लॉस्टरशरमधल्या बर्कले किल्ल्याचा पाचवा अर्ल, म्हणजे ड्यूकहून खालच्या पायरीवरचा उमराव. त्याचं एका खाटकाच्या मुलीशी जुळलं. १७८६ मध्ये पहिला मुलगा झाला, मागोमाग आणखी झाले. मे १७९६ मध्ये लंडनजवळ लॅम्बेथला दोघांनी उघड लग्न केलं आणि खाटकाची मुलगी काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, झाली. त्याच वर्षी, लग्नानंतर, पाचवा मुलगा जन्मला. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग अर्लने सांगायला सुरुवात केली की आमचं खरं लग्न १७८५ मध्येच बर्कलेच्या चर्चमध्ये झालंय, फक्त ते गुप्त ठेवलं होतं. म्हणजे थोरला औरस, तोच वारस.

१८१० मध्ये अर्ल वारला आणि थोरल्याने किताबावर हक्क सांगितला. लॉर्ड्सच्या समितीपुढे चर्चची जुनी वही आली. नोंद होती खरी. पुकाऱ्याची होती, लग्नाचीही होती. पण इतकी वर्षं ती कुणाला दिसली का नव्हती? ज्या पाद्रीच्या हातची ती म्हणायची, तो एव्हाना हयात नव्हता. साक्षीदार होता तो वधूचा सख्खा भाऊ. शिवाय आधीच नवरा-बायको होते तर १७९६ मध्ये अविवाहित म्हणून पुन्हा बोहल्यावर चढले कशाला? सरकारी पक्षाने नोंदच बनावट असल्याचं सुचवलं. काउंटेसला स्वतः उभं राहून सरदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. अखेर समितीने निर्णय दिला: १७८५ चं लग्न सिद्ध होत नाही. थोरला आणि त्याच्या पाठचे तिघे अनौरस ठरले. अर्ल ठरला तो पाचवा मुलगा, तेव्हा अवघा चौदा वर्षांचा.

निकाल कायद्याला धरून होता. पुरावा खरोखरच लंगडा होता. तरी एक गोष्ट खटकते. वहीत खाडाखोड झालीच असेल, तर त्यात अर्लचा हात असण्याची शक्यता सर्वांत मोठी. वही त्याच्या गावची, त्याच्या प्रभावाखालची. पण लबाड ठरली ती बाई, आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याबद्दलच लिहिलं गेलं. खाटकाच्या मुलीला किताबाची हाव सुटली, हे सांगायला सोपं होतं.

पाचव्या मुलाने मात्र किताब घेतलाच नाही. घेतला असता तर आई लग्नाआधी ठेवलेली बाई होती हे स्वतःच्या सहीने मान्य केल्यासारखं झालं असतं. १८८२ मध्ये तो वारला तोवर, म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षं, ते अर्लपद नुसतं पडून होतं. किल्ला मृत्युपत्राने थोरल्याकडे गेला, त्याला पुढे राजाने वेगळे नवे किताब दिले. जुन्या किताबाचा प्रश्न १८९१ मध्ये पुन्हा लॉर्ड्ससमोर आला आणि एका दूरच्या शाखेच्या पदरात पडला. १९४२ मध्ये ती शाखाही संपली.

हे समोर ठेवलं की नायिकेचा नकार वेगळा दिसतो. रखेल म्हणून राहायचं तर घर, गाडी, कपडे सगळं मिळे, फक्त त्याची मर्जी असेतो. मर्जी संपली की नोकरीही परत मिळायची नाही, कारण आधीच्या मालकिणीचं शिफारसपत्र नसेल तर दुसरं दार उघडत नसे. १७९२ पासून खोटं शिफारसपत्र देणं-वापरणं हा वीस पौंड दंडाचा गुन्हा होता. वीस पौंड ही रक्कम साध्या मोलकरणीच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. लग्नाचं वचन मोडलं म्हणून दावा लावता यायचा. १८२४ मध्ये एका नटीला असे ३,००० पौंड मिळाले. वचनच दिलं नसेल तर तोही रस्ता बंद.

प्रत्यक्षात वर चढलेल्या बायकांमध्ये नट्या पुष्कळ होत्या. १७९७ मध्ये एका अर्लने पहिली बायको वारल्यावर दोन महिन्यांच्या आत रंगभूमीवरच्या नायिकेशी लग्न केलं. मोलकरणी कमी. तरी ससेक्समधल्या अपपार्कचं उदाहरण विसरता येत नाही. तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या बॅरोनेटने (उमरावांच्या खालचा वंशपरंपरागत किताब) १८२५ मध्ये आपल्याच दुग्धालयात काम करणाऱ्या, विशीतल्या मुलीशी लग्न केलं, तिला शिकायला पॅरिसला पाठवलं आणि १८४६ मध्ये मरताना सगळी मालमत्ता तिच्या नावे ठेवली. याच माणसाने तरुणपणी, १७८१ मध्ये, एका लोहाराच्या मुलीला ठेवून घेतलं होतं आणि दिवस गेल्यावर घराबाहेर काढलं होतं. तीच मुलगी पुढे नेपल्समधल्या ब्रिटिश राजदूताची बायको झाली.

पण वर्ग ओलांडण्याची मला सर्वांत अस्सल वाटणारी गोष्ट व्हिक्टोरियन काळातली आहे आणि तिच्यात एकही नाचाचा प्रसंग नाही. एक सुशिक्षित सरकारी अधिकारी आणि एक सर्वकामाची मोलकरीण १८५४ मध्ये लंडनच्या रस्त्यावर भेटले. १८७३ मध्ये गुपचूप लग्न केलं. लग्नानंतर ती त्याच्याच खोल्यांवर मोलकरीण म्हणून राहिली, पाहुणे आले की त्यांना चहा आणून देई. बाईसाहेब व्हायला तिचा स्वतःचा नकार होता. कॉर्सेट आणि हातमोजे घालून बसण्यापेक्षा जिना घासणं बरं, असा तिचा एकूण कल. घासलेली भांडी, साफ केलेली धुराडी, पॉलिश केलेले बूट, सगळं तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय. त्याने कागदपत्रं केंब्रिजच्या एका कॉलेजला दिली, १९५० पर्यंत उघडू नयेत या अटीवर. प्रेम होतं, लग्न होतं, आणि तरीही दोघांनी मिळून मालक-नोकर हे नातं मोडलं नाही. मालिकेच्या लेखकांना हे पचणार नाही.

मर्टनचा नियम १९२६ मध्ये एकदाचा बदलला. आईबापांनी नंतर लग्न केलं तर मूल औरस धरलं जाऊ लागलं. पण त्या कायद्यातही किताबांना वगळलं. म्हणजे बर्कलेचा खटला त्यानंतर लागला असता, तरी थोरला अर्ल झाला नसता. स्कॉटलंडमध्ये मात्र चर्चचा जुना नियम कधी टाकलाच नव्हता. हेच घराणं स्कॉटिश असतं, तर १७९६ च्या लग्नाने चारही थोरले आपोआप औरस झाले असते आणि वहीतल्या त्या नोंदीची कुणाला गरजच पडली नसती.