आधी देश, मग लोक: ऑटोमन साम्राज्य मोडलं तेव्हा

बगदादच्या बाजारात १९३२ पर्यंत आपला हिंदुस्थानी रुपया चालायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना. पण त्यात तसं नवल काही नाही, कारण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तिकडे जी फौज पाठवली तिच्यात सगळ्यात आधी उतरली ती सहावी पुणे डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरली, त्याच महिन्यात बसरा घेतलं, मग टायग्रिसच्या काठाकाठाने बगदादकडे निघाली आणि शेवटी कुत नावाच्या गावात वेढ्यात अडकली. खायला घोड्याचं मांस उरलेलं, ते बऱ्याच हिंदी शिपायांनी कित्येक दिवस तोंडात घातलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली, त्यात मराठा पलटणींचे जवानही होते.

गंमत अशी की ते ज्या मुलखात लढत होते तिथे इराक नावाचा देशच नव्हता. नाव जुनं होतं, पण देश नाही. होते ते ऑटोमन सुलतानाचे, म्हणजे इस्तंबूलहून राज्य करणाऱ्या तुर्की सुलतानाचे, तीन प्रांत, मोसुल, बगदाद आणि बसरा. मग देश आला कुठून?

आपल्या डोक्यात सहसा एक चित्र असतं, की साम्राज्य म्हणजे एक जड झाकण, त्याखाली ग्रीक, बल्गेरियन, अरब, तुर्क अशी तयार राष्ट्रं शतकानुशतकं दबून बसलेली, झाकण उडालं की सगळी बाहेर. शाळेच्या पुस्तकात हे छान दिसतं, तिथल्या प्रत्येक देशाच्या पुस्तकात तर असतंच. पण इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ खोलात गेले तेव्हा त्यांना बऱ्याच ठिकाणी उलटं दिसलं. आधी ऑफिस येतं, शाळा येते, लिपी ठरते, टॅक्स कोणाला भरायचा ते ठरतं, आणि 'आपण कोण' हे लोकांना त्यानंतर हळूहळू कळत जातं, काही वेळा तर जबरदस्तीने सांगावं लागतं.

ऑटोमन राज्यात माणसाची नोंद भाषेवरून नाही, धर्मावरून व्हायची. अशा धर्मगटाला म्हणायचे मिल्लत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असाल तर तुम्ही इस्तंबूलच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या हाताखाली, मग घरी ग्रीक बोला, बल्गेरियन बोला नाहीतर तुर्की बोला, कोणाला पडलेली नव्हती. १८७० मध्ये सुलतानाने फर्मान काढून बल्गेरियन लोकांना वेगळं चर्च दिलं, आणि त्यात एक कलम होतं की एखाद्या भागातले दोन तृतीयांश ऑर्थोडॉक्स लोक म्हणाले तर तो भाग नव्या चर्चकडे जाईल. झालं! मॅसिडोनियातल्या ज्या शेतकऱ्याला आजवर 'तू कोण' विचारलं तर 'ख्रिश्चन' एवढंच सांगायची सवय, त्याच्या दारात आता दोन्हीकडचे पाद्री आणि मास्तर उभे, सांग बाबा, ग्रीक की बल्गेरियन? बल्गेरिया हा देश नंतर आला, १८७८ मध्ये. चर्च आठ वर्षं आधी आलं होतं आणि ते सुलतानानेच दिलं होतं, हे मला फार बोलकं वाटतं.

शब्दसुद्धा कसे सरकतात बघा. आज तुर्की भाषेत मिल्लत, त्यांच्या उच्चारात 'मिल्लेत', म्हणजे सरळ राष्ट्र. आणि वतन! आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकीचं, देशमुखीचं, पिढीजात हक्काचं. तिकडे मुळात जन्मगाव एवढाच अर्थ, तो एकोणिसाव्या शतकात फुगत फुगत मातृभूमी झाला.

इथे एक फरक सांगायलाच हवा. साम्राज्यं पूर्वीही मोडत होती, आपल्याकडे बहामनी फुटली तेव्हा प्रांतांचे तरफदारच शहा होऊन बसले, मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. पण जुन्नरच्या कुणब्याला 'आजपासून तू निजामशाही राष्ट्राचा' असं कोणी शिकवायला आलं नाही, सारा कोणाकडे जातो तेवढं बदललं. एकोणिसाव्या शतकानंतर हे चालेना, कारण आता सक्तीची लष्करभरती होती, शाळा होत्या, छापखाने होते, शिरगणती होती, आणि या प्रत्येकाला माणसाच्या नावापुढे एक लेबल लागतं.

अल्बेनियाचं उदाहरण तर एकदम प्रयोगशाळेतलं. लोक मुसलमान, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक असे तिन्ही, आणि एकच भाषा कोणी अरबी अक्षरात लिहायचं, कोणी ग्रीक, कोणी रोमन. नोव्हेंबर १९०८ मध्ये मोनास्तिर गावात माणसं जमली आणि वाद घालून घालून रोमन लिपीवर आली. चार वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९१२ ला, स्वातंत्र्याची घोषणा. अर्थात ते चार वर्षं वाट बघत होते असं नाही, बाल्कन युद्ध पेटलं आणि शेजारी देश मुलूख वाटून घेतील या भीतीने घाई झाली.

मग राजा हवा. तो काळच असा की राजा नसलेल्या नव्या देशाला युरोपची मोठी मंडळी उभंच करत नसत, आणि जर्मनीत तर रिकामे राजपुत्र होलसेलमध्ये मिळायचे. ग्रीसला बव्हेरियाचा ओटो, वय १७. रोमानियाला १८६६ मध्ये कॅरोल, बल्गेरियाला १८७९ मध्ये अलेक्झांडर, सगळे जर्मन घराण्यातले. अल्बेनियाला मिळालेला प्रिन्स मार्च १९१४ मध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये निघूनही गेला.

अरब मुलखात हेच वेगळ्या पद्धतीने झालं. सगळा दोष सायक्स-पिको करार, म्हणजे इंग्रज आणि फ्रेंचांनी अरब मुलूख आपसात वाटून घ्यायला केलेला गुप्त करार, त्याच्या रेघेवर टाकायची फॅशन आहे, पण १९१६ च्या त्या नकाशात मोसुल फ्रेंचांच्या वाट्याच्या भागात होतं आणि शेवटी गेलं इराकमध्ये, म्हणजे ती रेघ जशीच्या तशी उतरलीच नाही. इराक बनला तो मुख्यतः सुलतानाचे तीन प्रांत एकत्र शिवून. राजा म्हणून आणला फैसल, हिजाझचा, म्हणजे मक्का-मदिनेकडचा माणूस. मार्च १९२० मध्ये सिरियाचा राजा झाला होता, जुलैत फ्रेंचांनी तिथून हाकललं, मार्च १९२१ मध्ये कैरोला इंग्रजांची बैठक झाली, तिथे त्याला इराक द्यायचं ठरलं आणि २३ ऑगस्टला बगदादमध्ये राज्याभिषेक. देशाचं स्वतःचं राष्ट्रगीत नव्हतं, म्हणून बँडने इंग्लंडच्या राजाचं गीत वाजवलं!

त्याच्याबरोबर जी माणसं आली ती कोण? इस्तंबूलच्या लष्करी शाळेत शिकलेले ऑफिसर, जसे नुरी अस-सईद, जे पुढे कितीतरी वेळा पंतप्रधान झाले. शाळांचा कारभार आला साती अल-हुसरींकडे. अरब राष्ट्रवाद वर्गावर्गात पोचवणारा हा माणूस आधी ऑटोमन शिक्षणखात्यातला, आणि त्याची पहिली भाषा तुर्की. म्हणजे नवं घर बांधणारे गवंडी जुन्याच वाड्यात तयार झालेले. आणि दहा-बारा वर्षांनी, मरायच्या थोडं आधी, फैसलने एका टिपणात लिहिलं की इराकी म्हणावेत असे लोक अजून तयारच झालेले नाहीत. राजा आहे, नकाशा आहे, १९३२ मध्ये राष्ट्रसंघाचं सदस्यत्वही मिळालंय, दिनार छापून झालेत (एका दिनारला सव्वातेरा रुपयांहून थोडे जास्त), फक्त लोक बाकी!

हे सगळं वाचताना मजा वाटते, पण याची दुसरी बाजू भयंकर आहे. लेबल लावायचं ठरलं की जो लेबलात बसत नाही त्याचं काय करायचं हा प्रश्न येतो. आर्मेनियन लोकांना १९१५ पासून घरादारातून काढून सिरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं, लाखो माणसं मारली गेली नाहीतर वाटेत मेली. त्याच्याही आधी बाल्कनमधून लाखो मुसलमान निर्वासित होऊन अनातोलियात आले होते. आणि ३० जानेवारी १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्तानने स्वित्झर्लंडमधल्या लोझानला चक्क माणसांच्या अदलाबदलीचा करार केला, तुर्कस्तानातून सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ग्रीसला, ग्रीसमधून साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात. निकष धर्म, तोच जुना मिल्लतचा. त्यामुळे ज्यांना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती असे अनातोलियातले ख्रिश्चन 'ग्रीक' म्हणून ग्रीसला गेले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान 'तुर्क' म्हणून तुर्कस्तानात आले. दोघांनाही 'आपल्या' देशात आल्यावर बाजारात भाजी घ्यायची पंचाईत. आपल्याकडे फाळणी याच्यानंतर २४ वर्षांनी झाली.

एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की जमिनीबरोबर कर्जही वाटावं लागतं, तसं इथेही झालं. सुलतानाने परदेशातून पहिलं मोठं कर्ज काढलं १८५४ मध्ये, क्रिमियाच्या लढाईसाठी. मग घेतच गेले, हप्ते थकले, आणि १८८१ मध्ये धनकोंनी इस्तंबूलमध्ये स्वतःचं वसुली खातंच उघडलं, मीठ, तंबाखू, रेशीम, स्टँप असं बरंच उत्पन्न थेट त्यांच्याकडे. लोझानच्या तहात हे कर्ज सगळ्या वारसांमध्ये वाटलं गेलं, ज्याला साम्राज्याचा तुकडा मिळाला त्याला कर्जाचाही. सगळ्यात मोठा वाटा तुर्कस्तानचा. त्यांनी खलिफा घालवला, १९२८ मध्ये लिपी बदलली, १९३४ मध्ये सगळ्यांना नवीन आडनावं घ्यायला लावली, जुन्यातलं काही म्हणून ठेवायचं नाही असं चाललेलं. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता मात्र फिटला १९५४ मध्ये, सुलतान जाऊन ३२ वर्षं झाल्यावर.