‘त्रे’ झिजला, ‘त्रो’ आला

‘फ्रेंच लोक त्रे म्हणतच नाहीत, हे पाच शब्द पाठ करा आणि पॅरिसकर व्हा!’ अशा रील्सचा सध्या सुळसुळाट आहे. थाप आहे. ‘त्रे’ म्हणजे खूप, आणि तो शब्द फ्रान्समध्ये घरीदारी सर्रास चालतो. मात्र मित्रांच्या कट्ट्यावर त्याच्या जोडीला सुपेर, त्रो, ग्राव्ह, व्हाशमाँ, द उफ अशी अख्खी फौज असते, हे खरं. एवढे ‘खूप’ लागतात कशाला?

कारण जोर देणारा शब्द वापरून वापरून बोथट होतो. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली माहिती मोजायचं सूत्र दिलं: शब्द येण्याची संभाव्यता घ्या, तिचा 2 हा पाया धरून लॉगॅरिदम काढा, चिन्ह उलटं करा. शंभरात एकदा येणारा शब्द सुमारे 6.6 बिट (बिट म्हणजे माहितीचं एकक) माहिती देतो, चारांत एकदा येणारा फक्त 2. जोर म्हणजे काही निव्वळ बिट नव्हेत, पण कल तोच: जे येणार हे कानाला आधीच ठाऊक असतं, त्याने कान टवकारत नाहीत. मग बोलणारा नवा, जहाल शब्द शोधतो, तोही चार वर्षांत गुळमुळीत होतो. अशा झीज-भरपाईबद्दल आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1912 मध्येच लिहून ठेवलंय.

मला यातला सगळ्यात मजेदार वाटतो तो ‘व्हाशमाँ’. व्हाश म्हणजे गाय. पण बोलीत ‘व्हाश’ माणूस म्हणजे दुष्ट, खडूस. त्यावरून व्हाशमाँ म्हणजे ‘दुष्टपणे’. असा शब्द आधी वाईट गोष्टींना चिकटतो, कारण तिथे त्याचा मूळ अर्थही शोभतो. मग बऱ्यावाईट कशालाही. शेवटी ‘व्हाशमाँ बियाँ’, म्हणजे ‘जाम भारी’! इथवर पोचला की दुष्टपणा पार गळून पडलेला असतो, उरतो नुसता जोर. शब्द पुरता झिजलाय का हे तपासायची कसोटी हीच: तो चांगल्या विशेषणाला लावून बघा, कोणी दचकतं का? ‘पिक्चर भयंकर आवडला’ म्हणताना आपण कुठे भितो?

एकदा अर्थ गळाला की शब्द व्याकरणाचे कुंपणही ओलांडतो. ‘ग्राव्ह’ (गंभीर) हे मुळात विशेषण; आता ‘ग्राव्ह थकलोय’ चालतं आणि होकार म्हणून नुसतं ‘ग्राव्ह!’ही. ‘द उफ’मधला उफ म्हणजे ‘फू’ (वेडा) उलटा करून. हा व्हेरलाँ नावाच्या उलटबोलीतला.

राहिला ‘त्रो’. शाळेतल्या व्याकरणात त्याचा अर्थ ‘गरजेपेक्षा जास्त’. पोरं ‘त्रो बियाँ’ म्हणजे ‘एकदम मस्त’ म्हणतात आणि जाणती मंडळी कपाळाला हात लावतात. गंमत अशी की मध्ययुगीन फ्रेंचमध्ये ‘त्रो’चा अर्थ ‘खूप’ असाही होता. तेव्हाचा दुसरा ‘खूप’, लॅटिनमधून आलेला ‘मुल्त’, केव्हाच मागे पडला. आज तो थट्टेपुरता उरलाय. रिव्हारोल या फ्रेंच लेखकाने 1784 मध्ये ‘जे स्पष्ट नाही ते फ्रेंच नाही’ असं ठोकून दिलं होतं. फ्रेंच ही जन्मतःच तर्कशुद्ध भाषा, ही भाबडी समजूत आपल्याकडच्या क्लासांतही अजून ऐकू येते. त्यांना ‘त्रो’ ऐकवावा.

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या निबंधात मात्र गुपचूप ‘त्रे’च लिहा. तिथे व्हाशमाँ लिहिलात तर गुण कापले जाण्याची शक्यता ग्राव्ह आहे.