लाउंज आणि फर्स्ट क्लासचं तिकीट

‘पूर्वी विमानतळावरचे लाउंज, म्हणजे आरामात बसायच्या खास जागा, फक्त फर्स्ट क्लासवाल्यांसाठी असायचे, क्रेडिट-डेबिट कार्डवाल्यांनी सगळी मजा घालवली’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला, तेव्हा प्रवेश तिकिटावर नव्हता, आमंत्रणावर होता. कंपनीच्या मर्जीतला माणूस आत, बाकीचे बाहेर! पैसे भरून सभासद होण्याची सोय बरीच नंतर आली. मला तो बदल न्याय्यच वाटतो. 1992 मध्ये ‘प्रायॉरिटी पास’ हे अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये चालणारं सभासदत्व आलं आणि तिकिटाचा वर्ग बघणंही सुटलं.

उलट, निव्वळ फर्स्ट क्लासचा खरा थाट अलीकडचा आहे. लुफ्थान्साने 2004 मध्ये फ्रँकफर्टला त्यासाठी वेगळी इमारतच उभारली. तिथे सुरक्षा तपासणी स्वतंत्र, आंघोळीला टब, सोबत रबराचं छोटं बदक, आणि शेवटी मोटारीने थेट विमानापाशी.

आणि आपल्याकडे कार्ड स्वाइप करून 2 रुपयांत मिळणारा इडली-उपमा? तोही फुकट नसतो. त्या प्रत्येक भेटीचे पैसे लाउंजला कार्ड देणाऱ्या बँकांकडून किंवा कार्ड कंपन्यांकडून मिळतात. म्हणूनच अनेक बँकांनी आता कार्डावर किमान खर्च करण्याची अट घातली आहे. निघण्यापूर्वी ती तपासून घ्या.