उजेड किती वेळ आणि उजेड किती?

गांजाच्या झाडाबाबत उजेडाचे दोन प्रश्न आहेत आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात. रोज किती तास उजेड मिळाला, हा एक. तो किती प्रखर होता, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं. दुसऱ्याचं मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. या उशिरात झाडापेक्षा कायद्याचा हात मोठा आहे.

पहिल्या प्रश्नाचा धागा सापडला तो फ्रान्समध्ये. ज्युलियाँ तूर्न्वा हा वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप (बिअरमध्ये वापरतात तो वेल) आणि गांजाकुळातलं हेम्प यांच्यावर प्रयोग करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेल्या रोपांना वीतभर वाढण्याआधीच फुलं येत होती. कारण खताचं नाही, थंडीचंही नाही, दिवस लहान असण्याचं आहे, हे त्याने १९१२ च्या सुमारास मांडलं. पुढे त्याने त्यात दुरुस्तीही केली: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं महत्त्वाचं. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हेच सविस्तर सिद्ध केलं, त्याला नाव दिलं, आणि श्रेयही बहुतेक त्यांच्याकडेच गेलं.

या हिशेबात उजेडाची ताकद जवळजवळ गौण असते. आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवंतीही लहान दिवसांत फुलणारी. तिचं फुलणं लांबवायचं तर रात्री काही वेळ साधे दिवे लावले तरी पुरतं. झाड त्याला मोठा दिवस समजतं. पण तेवढ्या मिणमिणत्या उजेडावर झाड पोसलं जात नाही. त्यासाठी प्रखरता हवी, आणि इथे दुसरा प्रश्न सुरू होतो.

इंग्लंडच्या एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्येच त्याची चौकट आखली होती. प्रकाशसंश्लेषणाचा वेग उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांतल्या सर्वांत अपुऱ्या घटकावर अडतो. उजेड वाढवत गेलात की वेग वाढतो, मग दुसरंच काहीतरी आडवं येतं आणि आलेख सपाट होतो. अडचण मोजण्याची होती. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं, आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत ठळक दिसतो. झाडाचं गणित वेगळं. टेक्सासच्या कीथ मक्री यांनी १९७२ मध्ये बावीस प्रकारच्या पिकांची पानं तपासून दाखवलं, की ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशकण मोजले तर झाडाचा हिशेब बऱ्यापैकी लागतो. तेव्हापासून चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण मायक्रोमोल या एककात मोजायचं माप रुळलं. भर दुपारच्या निरभ्र उन्हात ते साधारण २००० भरतं.

मापं तयार झाली, पण गांजाला ती लावणार कोण? भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली (भांगेची पानं मात्र व्याख्येबाहेर राहिली, हा आपला खास तोडगा). अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८३ पासून हेलिकॉप्टरने शेतं हुडकायला सुरुवात केली, आणि बरेच उत्पादक तळघरांत, गॅरेजमध्ये घुसले. तिथे त्यांच्या कामी आला तो आपल्या महामार्गांवर वर्षानुवर्षं जळलेल्या पिवळ्या सोडियम दिव्याचाच भाऊबंद. १९८९ मध्ये तपास यंत्रणांनी थेट दिवे आणि मातीविना शेतीचं सामान विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. सोडियम दिवे तापतातही भरपूर. ती उष्णता बाहेरून कॅमेऱ्याने टिपायला वॉरंट लागतं की नाही, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ मध्ये ‘कायलो’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: वॉरंट लागतं.

म्हणजे न्यायालयात दिव्याच्या उष्णतेचा कीस निघाला, प्रयोगशाळेत उजेडाचा निघाला नाही. उत्पादकांकडे होते ते ठोकताळे: इतक्या फुटांना इतके वॅट, दिवा इतका उंच, याच्यापुढे वीज वाया. अमेरिकेत सरकारी परवान्याने गांजा पिकवणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात २००८ मध्ये पानांवर मोजमाप झालं. तिथे ३० अंश सेल्सिअसला सुमारे १५०० मायक्रोमोलवर प्रकाशसंश्लेषण कमाल पातळीला पोचलं.

पण एक पान म्हणजे अख्खं झाड नव्हे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. त्यानंतर तिथल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी १२० ते १८०० मायक्रोमोलच्या दरम्यान झाडं वाढवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: सुक्या फुलांचं वजन १८०० पर्यंत सरळ रेषेत वाढत गेलं, साडेचार पटींच्या आसपास. पानाचा आलेख वाकतो तिथे उत्पन्नाचा वाकला नाही. वरची पानं तृप्त झाली तरी त्यांच्या सावलीतली खालची उपाशीच असतात, हे त्यामागचं सरळ कारण. आणि ठोकताळ्यांना खरा धक्का दुसऱ्या निष्कर्षाने बसला: नशा आणणाऱ्या घटकांचं प्रमाण उजेडाने वाढलं नाही. प्रखर दिव्याने माल जास्त येतो, तो अधिक कडक होत नाही.

हा उजेड विजेवर चालतो. ऊर्जा-संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या एकूण विजेचा सुमारे एक टक्का बंदिस्त गांजाशेती खात होती. कोलोराडो राज्य विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात किलोभर सुक्या फुलांमागे ठिकाणानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. त्यात नुसते दिवे नाहीत. खोलीची हवा थंड, गरम आणि कोरडी ठेवण्याचा वाटा मोठा आहे. एलईडीने विजेचा काही भार हलका केला. मात्र राज्याने परवानगी दिली तरी केंद्रीय कायद्याने बंदी असल्यामुळे माल राज्याबाहेर नेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या फुकटच्या उन्हात वाढलेलं फूल कोलोराडोतल्या डेन्व्हरच्या दुकानात कायदेशीरपणे पोचू शकत नाही, म्हणून डेन्व्हरच्या गोदामांत दिवे लागलेले असतात.